काचेवरचा हिरवा ठिपका

४ जून

डॉक्टरसाहेब,

तुम्ही पाठवलेली फुलं मिळाली. सोबतच्या कार्डावर छापील मजकूर होता आणि खाली तुमच्या संस्थेचं नाव होतं. सही नव्हती. फुलं पाठवायचं काम ऑफिसातल्या कोणाकडे दिलेलं असावं. त्यांना माझे आभार कळवावेत.

चार ओळी 'तुम्ही' लिहून पाहिलं, जमत नाही. मी तुमच्या घरचा जावई झालो तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि डावा बूट कुठला, उजवा कुठला हे तुला कळत नव्हतं. लग्नाच्या दिवशीही उलटे घालून फिरत होतास. नाड्या सोडून ते मी नीट घातले आणि तुझी ताई, नवरी असूनही, सगळ्यांसमोर म्हणाली, "आमचा ठोंब्या!" तेव्हापासून घरात तुझं तेच नाव. तेव्हा 'तू'च लिहितो. राग आला तर येऊ दे.

ताई गेली त्याला आज सोळा दिवस झाले. तू आला नाहीस. परिषद होती, तुझं भाषण होतं, विमानाचं तिकीट मिळत नव्हतं. एकच कारण सांगितलं असतंस तर मी मानलं असतं. तीन कारणं सांगणाऱ्याकडे एकही नसतं, हे ताईचंच म्हणणं. तिच्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय गोळ्या मागायला येणाऱ्यांबद्दल ती म्हणायची.

पण त्यासाठी हे पत्र नाही. काल मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत कामावर पुन्हा रुजू झालो. माझ्या टेबलावर तुझा लेख छापून आलेलं मासिक कोणीतरी पान दुमडून ठेवलं होतं. तुझं मशीन मायक्रोस्कोपच्या काचेचा फोटो बघून पोटाचा कॅन्सर ओळखतं आणि शंभरातले सत्त्याण्णव बरोबर ओळखतं, असं त्यात आहे. शेवटी ज्यांचे आभार मानले आहेत त्यात माझंही नाव आहे.

माझं नाव काढून टाक. हे मागायला लिहितो आहे.

कारण विचारशील. ते तुला कोणी सांगितलेलं नाही. ताईने मला शपथ घातली होती, ती तिच्याबरोबर संपली असं मी धरतो.

गेल्या ऑक्टोबरात तिच्या पोटातला तुकडा तपासणीला घेतला, तो आमच्याच हॉस्पिटलात, तिच्या हट्टाने. मी म्हणत होतो दुसरीकडे जाऊ. ती म्हणाली, "माझ्या भावाचं मशीन असताना मी लोकांच्या दारात कशाला जाऊ? आयुष्यभर दुसऱ्यांना ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, एकदा मशीनला विचारू तरी दे, माझ्यात काय आहे." मशीनने उत्तर दिलं: निर्दोष. हा शब्द तुमच्यात कोणी निवडला मला माहीत नाही. ती काही आरोपी नव्हती. पण तिला तो फार आवडला. तुला तिने लगेच निरोप पाठवला होता, "ठोंब्या, तुझ्या मशीनने मला पास केलं." तू हसरा चेहरा पाठवलास. तो निरोप तिच्या फोनमध्ये अजून आहे.

फेब्रुवारीत तिला घास गिळवेना, तेव्हा मी तिला दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी नवा तुकडा घेतला आणि आमच्याकडची जुनी काचही मागवली. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "अहो, ऑक्टोबरच्या काचेतही आहे की. थोड्याच पेशी आहेत, कोपऱ्यात आहेत, पण आहेत."

तिची ती काच मी आधी पाहिली नव्हती. आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरांचा नियम तुला आठवत असेल: घरच्या माणसाची काच मायक्रोस्कोपखाली धरायची नाही, डोळा खोटं बोलतो. तुकड्याचा मेणातला ठोकळा मी कापला, रंग मी दिला, कारण ते करायला आमच्याकडे दुसरं कोणी नाही. वाचण्याचं काम मशीनचं होतं.

हे ताईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "ठोंब्याला डावा-उजवा बूट अजून कळत नाही वाटतं." आणि लगेच, "त्याला सांगू नका हं. त्याचं कामात लक्ष लागणार नाही."

तुझं कामात लक्ष लागावं म्हणून आम्ही चार महिने गप्प बसलो. आता पुरे.

तुझ्या ताईचा नवरा

•

१५ जून

संशोधनप्रमुख यांस,

माझ्या पत्राचं उत्तर तू दोन ओळींत पाठवलंस. "दाजी, कुठलीही तपासणी शंभर टक्के नसते. ताई त्या तीन टक्क्यांत गेली याचं मला आयुष्यभर दुःख राहील."

ताई तीन टक्क्यांत गेली नाही. पुढचं नीट वाच.

तुझ्या लेखात माझ्या तीस वर्षांच्या कामाला अर्धी ओळ मिळाली आहे: 'काचा नेहमीच्या पद्धतीने तयार केल्या.' ती पद्धत तू कधी उभं राहून पाहिली नाहीस, म्हणून सांगतो. तुकडा मेणात बसवायचा, ठोकळा मशीनवर केसाहून पातळ कापायचा, पापुद्रा पाण्यावर सोडून काचेवर उचलायचा, रंग द्यायचा. मग त्या खेपेतली एखादी काच मायक्रोस्कोपखाली धरून रंग नीट चढला की नाही बघायचं आणि रंगतपासणीच्या वहीत काचेचा नंबर लिहून सही करायची. तिथे माझं काम संपतं. निदान डॉक्टरांचं.

पण मी जरा जास्त वेळ बघायचो. एकदा मोठ्या डॉक्टरांनी पकडलं. "रंग बघताय की सिनेमा?" मी म्हटलं, "डॉक्टर, इथे काहीतरी वेगळं दिसतंय." त्यांनी वाकून पाहिलं. मग खिशातलं हिरव्या शाईचं पेन काढून माझ्या हातात दिलं. "वेगळं दिसेल तिथे काचेवर ठिपका ठेवत जा. निदान मी करीन, तुम्ही फक्त बोट दाखवा."

त्या दिवसापासून एकूण एक काच मी बघू लागलो. एकोणीस वर्षं आम्ही असं काम केलं. कुठल्याही कागदावर ते नाही. पाहुणे आले की मोठे डॉक्टर म्हणायचे, "आमच्याकडे दोघे आहेत. एकाला पदवी आहे, एकाला डोळे." ते गेले त्यालाही आता तीन वर्षं होतील.

तुझ्या मशीनला शिकवायला आम्ही अकरा वर्षांच्या जुन्या काचा दिल्या. 'काचा पुसून द्याव्यात' अशी तुमची सूचना होती. मी धूळ पुसली, तेल पुसलं, बोटांचे ठसे पुसले. ठिपके पुसले नाहीत. ते पुसणं म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावरून त्यांचा चष्मा उचलून फेकण्यासारखं वाटलं. चूक म्हणत असशील तर ही माझी चूक, लिहून घे.

गेल्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी ताईची काच काढली आणि मशीनमध्ये ठेवली. निर्दोष. मग तेच जुनं पेन घेऊन त्या कोपऱ्याशी ठिपका ठेवला. संशयास्पद. स्पिरिटने ठिपका पुसला. निर्दोष.

आमच्या नव्या डॉक्टरीणबाई मागे येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "काका, हे काय करताय?" मी पुन्हा ठिपका ठेवला. संशयास्पद. त्यांनी खुर्ची ओढली. "एक अगदी चांगली काच द्या. तिच्यावर ठेवा." एका धडधाकट माणसाच्या पोटाची काच घेतली, मधोमध ठिपका ठेवला. संशयास्पद.

आम्ही वीस काचा केल्या. चांगल्या दहांवर ठिपके ठेवले, त्यातल्या नवांना मशीनने दोषी ठरवलं. रोग थोडा आणि कोपऱ्यात आहे अशा दहा काचा ठिपका पुसून ठेवल्या, त्यातल्या आठ सुटल्या. मोठा, उघड रोग ते ओळखतं. तो तर मीही चष्म्याशिवाय ओळखतो.

तुझं मशीन रोग बघायला शिकलेलंच नाही, ठोंब्या. ते माझं पेन बघायला शिकलं. परीक्षेच्या काचाही तू आमच्याच कपाटातल्या घेतल्यास, त्यांवरही ठिपके होते. ज्या पोत्यातलं बी पेरलं त्याच पोत्यातले दाणे मोजून पीक चांगलं आलं म्हणालास.

बाईंनी वीसही काचा परत लावल्या. मग म्हणाल्या, "काका, मशीन निर्दोष म्हणतं त्या गठ्ठ्यातली एकेक काच मी किती वेळ बघते माहीत आहे? सही करायला लागतो तेवढा. रोजच्या काचा तिप्पट केल्यात हॉस्पिटलवाल्यांनी. म्हणाले, मशीन आहे ना." आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांना पाणी दिलं. त्यांचा दोष किती आणि तुझा किती हे मला ठरवता येत नाही, पण रडल्या त्या.

लेखाच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे की एक ऑगस्टपासून हे मशीन आणखी चाळीस हॉस्पिटलांत बसणार. तिथे माझं पेन नाही. ते थांबव. नाव काढण्याचं राहू दे, आधी हे थांबव.

रंग देणारा

•

२८ जून

तुला,

तुझं उत्तर आलं नाही. संस्थेचं आलं. मोठा कागद, वर चिन्ह, खाली दोन सह्या, एकही तुझी नाही. 'संस्थेच्या यंत्रावर अनधिकृत प्रयोग केल्याबद्दल' मला समज दिली आहे. वीस काचा हा शास्त्रीय पुरावा होत नाही, असंही आहे. आणि शेवटी: 'काचांवर कोणत्याही खुणा असल्याची संशोधकांना कल्पना नव्हती.'

वीस पुरेशा नाहीत हे मला मान्य आहे. मी शास्त्रज्ञ नाही. तू दोन हजार कर. तुझ्याकडे मशीन आहे, माणसं आहेत. स्पिरिटची बाटली मी देतो.

पण 'कल्पना नव्हती' हे मी गिळणार नाही.

मी कामाची डायरी ठेवतो, तुला माहीत आहे. त्यावरून तू आणि ताई मला हसायचात. "आज रंग संपला, उद्या मेण संपेल, परवा नवरा संपेल, सगळं लिहा," असं ती म्हणायची. दोन वर्षांपूर्वीचा १२ सप्टेंबर काढला. 'दु. तीन वाजता ठोंब्याचा फोन. ठिपक्यांबद्दल विचारलं. सांगितलं.' एवढंच लिहिलं आहे, पण बोलणं मला शब्दाशब्दाने आठवतं. तू म्हणालास, "दाजी, काही काचांवर हिरवे ठिपके दिसतायत, ते कसले?" मी म्हटलं, "शंका असेल तिथे मोठ्या डॉक्टरांकडे ठेवायची पद्धत होती. पुसून पुन्हा पाठवू का?" तू फोनवरच हिशेब केलास. मग म्हणालास, "नको, राहू दे. सगळे फोटो पुन्हा काढायचे म्हणजे वर्ष जाईल. ठिपका तो केवढासा! मशीनला कळतं काय बघायचं ते."

आणि फोन ठेवताना, "यापुढच्या काचांवर मात्र नकोत हं."

म्हणजे शिकवताना ठिपके, परीक्षेला ठिपके, आणि माणसं आली तेव्हा ठिपके बंद. हे मी मुद्दाम करायला बसलो असतो तरी इतकं जमलं नसतं.

मला सांग, वर्ष गेलं असतं तर काय झालं असतं? लेख उशिरा छापला असता. दुसरा कोणीतरी पुढे गेला असता. तू चाळिशीच्या आत प्रमुख झाला नसतास. एवढंच ना? तुला बारावीला टायफॉइड झाला आणि वर्ष गेलं, तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. ताई दुकानातून आली की तुझ्या उशाशी बसून म्हणायची, "वर्ष जातं रे, माणूस राहतो." ते वाक्य तुझ्यासाठी होतं. तिच्यासाठी कोणी म्हटलं नाही.

माझा आवाज चढत नाही हे तुला माहीत आहे. शेजारच्यांनी भिंतीला खिळे ठोकले तरी मी बोलत नाही. पण परवा घरात एकटा असताना तुमचं ते पत्र हातात घेऊन मी मोठ्याने बोलत होतो. काय बोललो ते लिहीत नाही.

एक ऑगस्टला पाच आठवडे आहेत. चाळीस हॉस्पिटलांत मिळून दिवसाला किती काचा निघतील याचा हिशेब तू माझ्यापेक्षा चांगला करशील. त्यांतली प्रत्येक काच कोणाची तरी ताई आहे असं मी लिहिणार नाही. तसं तू भाषणात म्हणतोस.

•

९ जुलै

तुला,

परवा तू स्वतः फोन केलास. ताई गेल्यानंतर पहिल्यांदा तुझा आवाज दोन मिनिटांपेक्षा जास्त ऐकला. मला वाटलं होतं तू १२ सप्टेंबरबद्दल बोलशील. तू वही काढलीस.

"दाजी, मी तुमच्या रंगतपासणीच्या वहीची प्रत मागवली आहे. ऑक्टोबरच्या सतरा तारखेच्या खेपेत तुम्ही जी काच बघून सही केलीत तिचा नंबर ताईचा आहे." मी रेडिओ बंद केला. "दाजी, तुम्ही पाहिली होतीत ना ती काच?" मी बोललो नाही. तू म्हणालास, "मग मला का शिकवताय?" आणि मी फोन ठेवला.

चार जूनच्या पत्रात मी लिहिलं की तिची काच मी पाहिली नव्हती. ते खोटं आहे.

त्या खेपेत बावीस काचा होत्या. रंग बघायला कुठलीही घेता आली असती. मी तिचीच घेतली. मोठ्या डॉक्टरांचा नियम पाठ असून घेतली. वरच्या उजव्या कोपऱ्यात, पोटाच्या आतल्या आवरणाच्या खाली, पाच-सहा पेशी होत्या. तशा पेशी तू पुस्तकात पाहिल्या असशील. मधे फुगलेल्या, एका कडेला गडद, खड्याच्या अंगठीसारख्या. मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. पेन माझ्या वरच्या खिशात होतं. हात तिथपर्यंत गेला.

आता का थांबलो ते विचारशील. मीही रोज विचारतो.

भिंतीवर तुमची सूचना लावली होती, काचेवर खूण करू नये. ते एक. त्या सतरा तारखेच्या दोन आठवडे आधी मी नव्या बाईंना एका दुसऱ्याच काचेबद्दल बोललो होतो, ते तुझ्यापर्यंत गेलं, आणि तू सगळ्यांसमोर फोन स्पीकरवर असताना म्हणालास, "दाजी, तुम्ही रंग द्या. निदान आम्ही करू." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन ताईला सांगितलं नाही. ते माझ्या मनात सलत होतं. बरं, करा निदान, असं माझ्या मनात आलं. हे दुसरं.

आता तिसरं. मला वाटलं, आपल्या माणसाच्या काचेत भूत दिसतं, तसंच हे. नियम मोडून पाहिली, आता नियमाच्याच आड लपलो. मशीन शंभरातले सत्त्याण्णव ओळखतं, ते काय ते सांगेल. मशीनने निर्दोष म्हटलं तेव्हा माझे पाय हलके झाले. घरी जाताना मी तिच्यासाठी फुलं घेतली. तिने विचारलं, "अहो, आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही." मला ते खरं असायला हवं होतं, ठोंब्या. तुझ्या मशीनवर या घरात सगळ्यात जास्त विश्वास मी ठेवला, कारण त्याने मला हवं ते सांगितलं.

वर तीन कारणं लिहिली गेली. तीन कारणं सांगणाऱ्याबद्दल ताई काय म्हणायची ते तुला मी लिहिलंच आहे.

ती हे जाणून गेली का? नाही. मी सांगितलं नाही. चार महिने तिच्या उशाशी बसून होतो तरी सांगितलं नाही. ती तुझी थट्टा करायची आणि मी तिला करू द्यायचो.

तेव्हा तुझा प्रश्न बरोबर आहे. मला शिकवायचा हक्क नाही. पण तू तो प्रश्न कशासाठी विचारलास? मी गप्प बसावं म्हणून. तीनशे मैलांवरून माझी वही मागवलीस, सतरा तारीख शोधलीस, नंबर जुळवलास. एवढी मेहनत दोन वर्षांपूर्वी ठिपक्यांसाठी केली असतीस तर आज आपल्या दोघांनाही वही लागली नसती.

मी चुकलो म्हणून मशीन बरोबर ठरत नाही. मी एका काचेला चुकलो. तू एक ऑगस्टला सगळ्या काचांना चुकणार आहेस, आणि तुला ते आज माहीत आहे.

•

२१ जुलै

ठोंब्या,

तुझं पाकीट मिळालं. आत संस्थेचं निवेदन होतं, माझ्या सहीसाठी. तू सोबत चिठ्ठी ठेवलीस, तुझ्या हाताने लिहिलेली: "दाजी, दोन हजार काचा केल्या. तुमचं बरोबर निघालं. आता मागे घ्यायला दुसरा रस्ता नाही. एवढी सही करा, मशीन एक तारखेला लागणार नाही."

चिठ्ठीतलं दुसरं वाक्य मी परत परत वाचलं. ते लिहिताना तुला काय झालं असेल याची मला कल्पना आहे. अक्षर वाकडं आलं आहे.

मग निवेदन वाचलं. 'प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञाने अनेक वर्षे अनधिकृतपणे काचांवर खुणा केल्याचे निदर्शनास आले आहे. त्यामुळे यंत्राचे प्रशिक्षण सदोष झाले. संबंधित तंत्रज्ञाने हे मान्य केले आहे.' खाली माझ्यासाठी रेघ.

बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "काका, फाडा हे. सगळं तुमच्या डोक्यावर फोडतायत." त्यांनी स्वतः फाडायला हात पुढे केला. मी कागद मागे घेतला.

रागाचं म्हणशील तर आला. एकोणीस वर्षं ज्या ठिपक्यांनी माणसं वेळेवर उपचाराला गेली, त्यांना तुम्ही अनधिकृत म्हणता. ठिपक्यांत खोट नव्हती. ते जे दाखवत होते ते तिथे होतं. एका डोळेवाल्याचं बोट धरून तुम्ही चालायला शिकलात, मग बोट सोडवलंत आणि म्हणालात, बघा, आम्हाला दिसतं.

तरी मी सही केली आहे. एक तारखेला चाळीस ठिकाणी ते मशीन लागणार नसेल, तर माझ्या डोक्यावर काय फुटतं याने फरक पडत नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोच आहे. अनधिकृत तंत्रज्ञ म्हणून होईन. आणि ताईच्या काचेबद्दल जे मी केलं, त्याची शिक्षा कुठल्याच निवेदनात नाही, तेव्हा हीच त्यातली थोडी धरतो.

फक्त सहीच्या वर मी माझ्या हाताने एक ओळ लिहिली आहे. 'काचांवर ठिपके असल्याचे मी संशोधनप्रमुखांना १२ सप्टेंबर रोजी दुपारी तीन वाजता फोनवर सांगितले होते आणि त्यांनी राहू दे म्हटले होते.' ती ओळ खोडलीत तर सहीही खोडावी लागेल, अशी बेताने जागा धरली आहे. मी कापायच्या कामात तीस वर्षं काढली आहेत. केसाएवढी जागा मला कळते. बाईंनी दोन्ही बाजूंची प्रत काढून त्यांच्या कपाटात ठेवली आहे, आणि साक्षीदार म्हणून स्वतःची सही केली आहे. मी नको म्हणत होतो. त्या म्हणाल्या, "गठ्ठ्यावर सह्या केल्या तेव्हा कोणी नको म्हटलं नाही. ही बघून करते."

त्या ओळीशेजारी तुझी सही व्हावी असं मला वाटतं. मी मागत नाही. जागा ठेवली आहे.

निवेदनाबरोबर एक छोटा डबा पाठवतो आहे, कापसात गुंडाळलेला. जपून उघड. नवरा म्हणून अर्ज करून, वहीत नोंद करून, ताईच्या ऑक्टोबरच्या ठोकळ्यातून काल मी एक नवा पापुद्रा कापला. रंग दिला. नीट चढला आहे. वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका ठेवला आहे, जो तेव्हा ठेवायचा होता.

तुमच्या मजल्यावर मायक्रोस्कोप नसेल तर खाली जाऊन कोणाचा तरी माग. खुर्ची ओढून बस, घाई करू नकोस. ठिपक्याच्या शेजारी, आवरणाच्या खाली आहेत. पाच-सहाच आहेत.

मशीनला दाखवू नकोस. तू बघ.

दाजी